पर्यावरणपूरक लग्न: सुरुवात याद्यांपासून

लग्न ठरलं की घरात आधी एक वही येते. पहिल्या पानावर 'श्री' लिहितात आणि मग दोन्हीकडची मंडळी बसून याद्या करतात: मांडव कोणाचा, जेवण कोणाचं, मानपान काय, वऱ्हाडाच्या गाड्या किती. निसर्गाला कमीत कमी त्रास देणारं लग्न करायचं असेल, तर ते याच वहीत आणि याच बैठकीत लिहिलं गेलं पाहिजे. एकदा हॉलची आगाऊ रक्कम भरली आणि केटररला शब्द दिला की आपल्या हातात फार काही उरत नाही. मग फक्त पत्रिकेचा कागद बदलता येतो.

धाकट्या दिराच्या लग्नात आमचं हेच झालं. पाहुण्यांना तुळशीची रोपं दिली, पत्रिकेवर 'झाडे लावा' छापलं आणि मनातून समाधानी होतो. संध्याकाळी हॉलच्या मागच्या दाराने बाहेर पडले तर थर्माकोलच्या ताटल्या, अर्धवट प्यायलेल्या पाण्याच्या बाटल्या आणि मसालेभात यांचा कमरेएवढा ढीग होता, आणि दोन गाई त्यात तोंड घालून उभ्या होत्या. थर्माकोलवर तेव्हा बंदी आलेली नव्हती. पण बंदी असती तरी तो भात तिथेच पडला असता. पुतणीचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही चार महिने आधी बसलो. खाली जे सांगते आहे ते बहुतेक त्या लग्नात करून पाहिलेलं आहे.

पहिली बैठक

वहीत पाच गोष्टी लिहून घ्या: माणसं किती, जेवणाची भांडी कसली, पाणी कशातून द्यायचं, आहेर द्यायचा-घ्यायचा की नाही, आणि कचरा कुठे जाणार. प्रत्येकापुढे एकेका माणसाचं नाव लिहा. 'सगळे मिळून बघू' असं ठरलं की कोणीच बघत नाही.

दोन्ही घरची थोरली माणसं या बैठकीत असायलाच हवीत. मुलामुलीने आपसात ठरवायचं आणि मग घरच्यांना कळवायचं, असं केलंत तर ऐन वेळी एखादी आत्या रुसते आणि ब्लाउजपीसचा गठ्ठा येतोच. थोरल्यांशी बोलताना कार्बन वगैरे शब्द दूर ठेवा. अन्न वाया जाऊ नये, कर्ज होऊ नये, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. 'आपल्यात असं नसतं' हे वाक्य येईल, त्याची तयारी ठेवा. २४ सप्टेंबर १८७३ ला जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लागला, अगदी थोड्या खर्चात. साध्या लग्नाला महाराष्ट्रात दीडशे वर्षांचा आधार आहे, तो सांगायला संकोच करू नका.

माणसांची संख्या हा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. जेवण, पाणी, गाड्या, मांडव हे सगळं त्या एका आकड्याला धरून वाढतं. आठशेंचे चारशे केलेत तर बाकी काहीही न करता निम्मं काम झालं. आम्ही एक पद्धत वापरली. गेल्या दोन वर्षांत ज्यांच्याशी एकदाही बोलणं झालं नाही त्यांची नावं वेगळ्या पानावर काढली. त्यांना लग्नानंतर नवरा-नवरीचा फोटो आणि एक फोन, असं ठरलं. कोणी रागावलं नाही.

तारीख, वेळ आणि जागा

तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात. त्यानंतरचे थंडीचे महिने घ्या. भाज्या, फुलं, दूध सगळं जवळपास मिळतं, पंखे-कूलर लागत नाहीत आणि अन्न लवकर आंबत नाही. एप्रिल-मे मध्ये गावाकडे टँकर चालू असताना पाचशे माणसांचं हात धुणं आणि भांडी घासणं म्हणजे कुणाच्या तरी घागरी रिकाम्या करणं आहे. नोकरीच्या रजेमुळे वैशाखाशिवाय पर्यायच नसेल तर निदान पाणी कुठून येणार हे आधी विचारा.

सकाळचा मुहूर्त मिळाला तर जरूर घ्या. उजेडाचा खर्च जवळजवळ संपतो. गोरज मुहूर्त असेल तर दिवे लागणारच. अशा वेळी जनरेटरवर सगळा मांडव चालवू नका, महावितरणकडून तात्पुरती वीजजोडणी घ्या. जनरेटर फक्त वीज गेली तर. लाऊडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेवायचे हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे. वरातीच्या यादीत ती वेळ ठळक लिहून ठेवा.

हॉल ठरवताना पैसे देण्याआधी पुढचे प्रश्न विचारा. केटरर तुमचाच घ्यावा लागतो का? स्टीलची ताटं किती आहेत? भांडी घासायला जागा आणि नळ आहे का? डेकोरेशनवाला बाहेरचा चालतो का? कचरा कोण उचलतं आणि कुठे नेतं? शेवटच्या प्रश्नाला 'ते आमचं आम्ही बघतो' असं उत्तर आलं तर मागची बाजू स्वतः जाऊन पाहा. आम्ही तीन जागा पाहिल्या. त्यातल्या दोन ठिकाणी मागे जळक्या प्लास्टिकचे काळे डाग होते, म्हणून त्या सोडल्या.

पत्रिका

यावर फार वेळ घालवू नका. व्हॉट्सॲपवर पाठवा आणि देवापुढे ठेवायला, मामाकडे आणि थोरल्यांच्या हातात द्यायला तीस-चाळीस छापून घ्या. छापलेल्या पत्रिकेला चकाकी, प्लास्टिकचा मुलामा आणि चमकी नको, कारण मग तो कागद रद्दीतही चालत नाही. पत्रिकेभोवती गुंडाळायच्या प्लास्टिकच्या पातळ आवरणावर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदीच आहे. आणखी एक: पत्रिकेवर गणपतीचं चित्र असलं की ती लोकांना टाकवत नाही, वर्षानुवर्षं कपाटात राहते आणि शेवटी नदीत जाते. नुसतं 'श्री गणेशाय नमः' पुरे.

जेवण

लग्नातला बहुतेक कचरा इथेच तयार होतो, म्हणून सगळी ताकद इथे लावा.

आधी पदार्थ कमी करा. बुफेत तीस पदार्थ असले की माणूस प्रत्येकाचा चमचाभर घेतो आणि अर्धं टाकतो. मसालेभात, वरण-भात, बटाट्याची भाजी, अळूची भाजी, कोशिंबीर, पुरी, जिलबी आणि मठ्ठा एवढ्यात आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लोक तृप्त होऊन उठत आले आहेत. विदर्भात वडाभात असेल, खानदेशात वरण-बट्टी असेल. आपल्या भागातलं जे आचाऱ्याच्या हातात बसलेलं आहे तेच करा. पौष-माघात वांगी, मटार, गाजर स्वस्त आणि ताजे असतात. वैशाखात कैरीचं पन्हं आणि आमरस. थंडीत आमरसाचा हट्ट धरलात तर तो डब्यातून येणार.

पंगत की बुफे? माझं मत स्पष्ट आहे: जमेल तिथे पंगत. वाढप्याच्या हातात चमचा असला की ताटात थोडं थोडं पडतं आणि हवं तसं पुन्हा मिळतं. मात्र पंगतीचा एक शत्रू आहे, तो म्हणजे आग्रह. 'एक जिलबी माझ्यासाठी' असं म्हणत घातलेल्या जिलब्या शेवटी पानात राहतात. वाढप्यांना आधीच सांगा की पहिल्या वाढीला सगळं कमी, आणि दुसऱ्या वाढीला विचारून. आग्रह करायला निघालेल्या काका-मामांना दुसरं काम द्या. आम्ही त्यांना दारावर स्वागताला उभं केलं, तिथे आग्रह कितीही चालतो. बुफेच करायचा असेल तर ताटल्या लहान ठेवा आणि गोडाच्या व तळणाच्या टेबलामागे वाढणारा माणूस ठेवा.

आचाऱ्याला 'पाचशे पान' म्हणून मोघम सांगू नका. लग्नाच्या आठ दिवस आधी फोन करून कोण येणार याची खरी मोजणी करा. हे काम कंटाळवाणं आहे, पण दोन कॉलेजातली मुलं दोन संध्याकाळी बसली की होतं. आमच्याकडे पाचशेची यादी फोननंतर चारशे दहावर आली. आचाऱ्याला हेही सांगा की भात एकदम शिजवू नका, दोन-तीन घाण्यांत लावा. न धुतलेले, न शिजवलेले तांदूळ राहिले तर घरी येतात. शिजलेल्या भाताचं तसं होत नाही.

आता ताटं. पहिली पसंती स्टीलची. मंडपवाल्याकडे किंवा भांडी भाड्याने देणाऱ्याकडे ती मिळतात. घासणाऱ्या बायकांची मजुरी वेगळी द्या आणि त्यांना उकिडवं बसावं लागणार नाही अशी जागा द्या. पाण्याची टंचाई असलेल्या गावात मात्र मी स्टीलचा आग्रह धरणार नाही. तिथे पानांची पत्रावळ बरी. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण विदर्भात सहज मिळतात. कोकण-गोव्याकडे केळीचं पान आहे आणि पोफळीच्या (सुपारीच्या झाडाच्या) गळलेल्या विरीपासून, म्हणजे पानाच्या बुडाकडच्या रुंद आवरणापासून, दाबून केलेल्या ताटल्या आहेत. त्या झाडाला धक्का न लावता बनतात आणि रस्सा धरतात. बाजारात 'पत्रावळ' म्हणून मिळणाऱ्या चकचकीत, रुपेरी कागदी ताटल्यांना फसू नका. परीक्षा सोपी आहे: एक ताटली गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा आणि फाडा. कागदाखालून पातळ, ताणला जाणारा पापुद्रा सुटला तर ते प्लास्टिक आहे. चहाच्या कागदी कपांनाही आतून तोच थर असतो, म्हणून चहा काचेच्या किंवा स्टीलच्या पेल्यात द्या.

२३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात थर्माकोल आणि प्लास्टिकच्या ताटल्या, वाट्या, चमचे यांवर बंदी आली. केटरर तरीही 'सोबत थोडे ठेवतो, कमी पडलं तर' म्हणतात. करारात लिहून घ्या: बंदी असलेली एकही वस्तू आवारात येणार नाही. आणि लग्नाच्या दिवशी सकाळी सामान उतरताना ज्याचं नाव वहीत आहे त्याने टेम्पोजवळ उभं राहायचं.

उरलेलं अन्न कोणाला द्यायचं हे तीन-चार दिवस आधी ठरवा. बऱ्याच शहरांत रॉबिन हूड आर्मीसारखे स्वयंसेवकांचे गट अन्न घेऊन जातात. जवळचं वसतिगृह किंवा आश्रमशाळाही चालेल. त्यांना आधीच फोन करून किती वाजता येणार ते पक्कं करा. द्यायचं ते पातेल्यातलं, हात न लागलेलं, आणि शेवटची पंगत बसायच्या आत वेगळं काढून झाकून ठेवलेलं. कोशिंबीर, मठ्ठा, ओल्या नारळाचे पदार्थ देऊ नका, ते वाटेत नासतात. दुपारचं अन्न संध्याकाळी द्यायचं असेल तर मी देऊ नका असंच सांगेन. गरिबाच्या पोटाला आपल्यापेक्षा जास्त सोसतं असं नसतं.

पाणी

चारशे माणसं, प्रत्येकी दोन छोट्या बाटल्या, म्हणजे आठशे बाटल्या. त्यातल्या कितीतरी अर्ध्या भरलेल्या फेकल्या जातात. याऐवजी वीस लिटरचे जार किंवा मोठे माठ, आणि स्टीलचे पेले. पंगतीत तांब्याने पाणी वाढणारी चार मुलं पुरतात. दारात माठ ठेवून त्यात वाळा टाकलात तर कोणी बाटली मागत नाही. जार कुठून भरला आहे ते मात्र पाहून घ्या. पाण्यामुळे पाहुणे आजारी पडले तर पुढच्या दहा लग्नांत लोक बाटल्याच मागतील.

मांडव

पश्चिम महाराष्ट्रात मांडवडहाळे आणायची रीत अजून आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी भावकी आंब्या-जांभळाच्या डहाळ्या घेऊन वाजतगाजत येते आणि त्या मांडवावर टाकल्या जातात. दारात केळीचे खुंट, वर आंब्याच्या पानांचं तोरण. पर्यावरणपूरक सजावट म्हणून कॅटलॉगमधून महागडं काहीतरी निवडण्याआधी हे आठवा. डहाळ्या शेताच्या बांधावरच्या, छाटणीच्या घ्या, कोवळं झाड ओरबाडू नका. केळीचे खुंट घड उतरवलेल्या झाडांचे घ्या, नाहीतरी ती कापावीच लागतात.

फुलं जवळच्या बाजारातली: झेंडू, शेवंती, निशिगंध. ऑर्किड बहुधा लांबून, थंड साठवणीतून येतात. डेकोरेटरला एक गोष्ट बजावून सांगा: फुलं खोचायचा हिरवा स्पंज नको. तो प्लास्टिकचाच प्रकार आहे, हाताने कुस्करला की बारीक भुगा होतो आणि मातीत कधी मिसळत नाही. फुलं दोऱ्यात ओवलेली किंवा पाण्याच्या भांड्यात ठेवलेली चालतात. मुंडावळ्याही खऱ्या फुलांच्या करा, ताज्या निशिगंधाच्या सुरेख दिसतात. नावांसाठी थर्माकोलची अक्षरं, फुगे, चमकीच्या कागदाचे फटाके आणि फ्लेक्स यांच्यावर वहीत सरळ काट मारा. नावाची पाटी फळ्यावर खडूने किंवा कापडावर रंगाने लिहिता येते. आमच्याकडे पुतणीच्या चित्रकलेच्या बाईंनी जुन्या चादरीवर लिहिली.

घरी देवक बसवताना पंचपल्लव आणतात. तुमच्या कुळाचं देवक कळंब असेल, उंबर असेल, वड असेल, ते विचारून घ्या आणि पहिल्या पावसात त्या झाडाचं एक रोप आपल्या जागेत लावा. पाहुण्यांना तीनशे रोपं वाटली तर ती बसच्या सीटखाली राहतात. दिराच्या लग्नातली किती जगली ते मी नंतर विचारत फिरले होते. चार.

अक्षता

एका माणसाच्या मुठीत साधारण वीस ग्रॅम तांदूळ धरले तर पाचशे माणसांचे दहा किलो होतात. त्यात शंभर माणसांचा भात झाला असता. तो पायाखाली जातो, आणि रंग रासायनिक असेल तर पाखरांनाही घालता येत नाही. अंतरपाटाजवळ उभ्या असलेल्या घरच्या दहा-पंधरा माणसांच्या हातात हळद-कुंकवाच्या चिमूटभर अक्षता द्या. बाकीच्यांना मोकळ्या झेंडूच्या पाकळ्या. भटजींना आदल्या दिवशी सांगून ठेवा, म्हणजे पहिल्या मंगलाष्टकाआधी ते स्वतःच लोकांना सांगतील. आमच्या गुरुजींनी सांगितलं आणि सगळ्यांनी ऐकलं. मी सांगितलं असतं तर निम्म्यांनी ऐकलं नसतं. पाकळ्यांवरून पाय घसरतो, म्हणून सप्तपदीआधी एकदा झाडून घ्या.

आहेर, रुखवत, कपडे

टॉवेल-टोपी आणि ब्लाउजपीस या घरातून त्या घरात फिरत राहतात. ते कापड कोणी शिवत नाही, आणि घडीवर घडी पडून शेवटी विरतं. दोन्हीकडून 'आहेर आणू नये, दिला जाणार नाही' असं ठरवा आणि पत्रिकेत छापा. ज्यांचा मान चुकवून चालणारच नाही अशा चार-पाच जणांना वापरात येईल असं काही द्या: खणाऐवजी हातमागाची साडी, टोपीऐवजी घरचा गूळ किंवा तांदूळ. ओटी तर खोबऱ्याची वाटी आणि धान्यानेही भरते.

रुखवतात हल्ली थर्माकोलचे देखावे फार आले आहेत. मूळ रुखवत म्हणजे खायचे पदार्थ आणि संसाराच्या वस्तू. लाडू, कुरड्या, पापड, गोधडी मांडा. जुन्या साड्यांची गोधडी नवरीच्या आजीने शिवली असेल तर ती पाहायला रांग लागते.

शालू किंवा पैठणी आईची, आजीची चालते. नवा ब्लाउज शिवला की कोणाला कळत नाही आणि कळलं तर लोक कौतुक करतात. फेटे भाड्याने मिळतात. हळदीसाठी म्हणून सगळ्यांनी एक दिवसाचे पिवळे कपडे विकत घेण्याची जी पद्धत आली आहे ती सोडा. घरात जे पिवळं आहे ते घालू द्या. हळद चांगली घ्या, सांगलीची किंवा वर्ध्याकडची वायगावची.

वऱ्हाड

जेवणानंतरचा मोठा भार गाड्यांचा. पुण्याहून साताऱ्याला जाऊन यायचं, साधारण २२० किलोमीटर. चाळीस माणसं दहा मोटारींतून गेली तर लिटरला पंधरा किलोमीटर धरून दीडशे लिटरच्या आसपास पेट्रोल जळतं, आणि लिटरमागे अंदाजे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड म्हणजे साडेतीनशे किलो. तीच माणसं एका बसमधून गेली तर पन्नास लिटरच्या आसपास डिझेल, लिटरमागे २.७ किलोच्या हिशेबाने साधारण एकशे पस्तीस किलो. एसटी महामंडळ प्रासंगिक करारावर बस देतं. आगारात जाऊन तारीख, वेळ, थांबे देऊन आरक्षण करावं लागतं, आणि लग्नसराईत ते लवकर करावं. बसमधल्या गाण्यांच्या भेंड्या मोटारीत होत नाहीत, हा आणखी एक फायदा. लग्न जिथे जास्त माणसं राहतात त्या गावी ठेवलंत तर बसही कमी लागतील. लांबच्या वृद्धांना व्हिडिओवरून दाखवा.

कचरा

२०१६ च्या घनकचरा नियमांमध्ये अशी तरतूद आली की परवाना नसलेल्या जागी शंभरपेक्षा जास्त माणसांचा कार्यक्रम असेल तर तीन कामकाजाचे दिवस आधी पालिकेला किंवा ग्रामपंचायतीला कळवायचं, आणि कचरा तिथेच वेगळा करून द्यायचा. घरापुढच्या मांडवालाही हे लागू पडतं. कळवलंत की बहुतेक ठिकाणी गाडी येते. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आहे. आपल्या भागात रोज येणाऱ्या ताईंशीच आधी बोलून घ्या आणि त्या दिवसाचे जादा पैसे ठरवा.

हात धुण्याच्या जागेजवळ तीन पिंपं ठेवा: उष्टं, सुका कचरा, फुलं-पानं. पाट्या मोठ्या अक्षरांत लिहा. नुसत्या पाट्यांनी काम होत नाही, प्रत्येक पंगतीला दोन मुलं तिथे उभी हवीत. त्यांना आधी जेवायला घाला. उष्ट्याच्या पिंपावर वजनाचा काटा ठेवायची कल्पना माझ्या भाच्याची. दर पंगतीनंतर तो आकडा फळ्यावर लिहायचा. पहिल्या पंगतीला अकरा किलो, तिसरीला चार. लोक आकडा वाचून ताटाकडे पाहत होते.

गावात शेत असेल तर पानांच्या पत्रावळी, उष्टं आणि फुलं दीड-दोन फूट खोल चरात घाला, मध्ये पालापाचोळा आणि माती, वर जाड माती. टाचण्या किंवा स्टेपलरच्या पिना असलेल्या पत्रावळी घेऊच नका, त्या गुरांच्या पोटात जातात. काडीने टाचलेल्या घ्या. भाज्यांची देठं, साली सकाळीच वेगळ्या काढल्या तर गुरांना घालता येतात.

दुसऱ्या दिवशी मांडव उतरला की एक तास काढा. भाड्याची ताटं मोजून परत करा. वहीत लिहा: किती माणसं जेवली, भात किती उरला, पाण्याचे जार किती लागले, उष्टं किती किलो, कोणत्या आचाऱ्याने शब्द पाळला. आमच्या वहीत शेवटी लिहिलं आहे, 'पुऱ्या कमी पडल्या, जिलबी सात किलो जास्त झाली, पेले शंभर अजून हवे होते.' ती वही आता पुतणीच्या नणंदेकडे आहे. तिचं लग्न माघात आहे आणि याद्यांची बैठक पुढच्या रविवारी.